ओढ्यावरची आठवी

परंदवडी
गुरुवार, २७ नोव्हेंबर

सविता वन्सं,

वर काय लिहू तेच कळेना. नमस्कार लिहावा तर या घरात तुमच्या फोटोला चंदनाचा हार आहे. श्रद्धांजली लिहावी तर गेल्याच आठवड्यात तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या हातात गोळीचं पाकीट ठेवलंत.

मी चैताली, तुमच्या धाकट्या भावाची, प्रदीपची बायको. त्याचं लग्न झालं हे तुम्हाला कोण कळवणार होतं म्हणा! मी तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जानेवारीत पर्मनंट करणार आहेत, आणि पोटुशी पोरीला कोण पर्मनंट करतं ते तुम्हीच सांगा. तुमच्या भावाला हे सगळं पटतं, पण ऐन वेळी साहेब म्हणतात, "विसरलो." तर म्हणून ती नंतर घ्यायची गोळी. मेडिकलं आमच्याकडे ढीग आहेत, पण प्रत्येक काउंटरमागे कुणाचा ना कुणाचा चुलतभाऊ उभा असतो. सुट्टी मिळेपर्यंत थोडा उशीर झालाच. मग हाफ डे टाकून थेट लोणावळा गाठलं, भुशीच्या रस्त्याला. चार पावलांपुढचं दिसत नव्हतं इतकं धुकं, बाजूला पर्यटकांची चिक्कीसाठी झुंबड, आणि काउंटरवर तुम्ही.

हनुवटीवरची खोक फोटोत आहे तीच. पुढच्या दोन दातांतली फट प्रदीपची. तुम्ही विचारलंत, "कुठून आलात?" मी बावळटासारखी खरं बोलून गेले, "परंदवडी." तुमचा हात जागच्या जागी थांबला. मग अगदी हळू विचारलंत, "बायका अजून ओढ्यावर जातात का?"

वन्सं, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यापुढे तुम्ही गोळीबद्दल बरंच सांगत होतात, पण आईशप्पथ, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी वाकून तुमचे पाय दिसतात का ते बघत होते, उलटे आहेत का म्हणून. काउंटर आडवा आला.

हे पत्र त्या मेडिकलच्याच पत्त्यावर टाकतेय. आता पत्राचं कारण. आज सकाळी मला रक्त दिसलं. माझी तारीख अजून आठवडाभर पुढे आहे. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घटाची तयारी चाललेली, आणि मागून आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, म्हणाल्या, "चैताली, तितंच थांब. देव्हाऱ्याकडं जाऊ नगंस." साडीला मागे लागलं होतं. त्यांना माझ्या तारखा माझ्यापेक्षा पाठ. डोळे बारीक करून म्हणाल्या, "आत्ता कुटं गं? तुजी तर अजून येळ न्हाई."

काय सांगणार? त्यांनीच विचारलं, "काल कामावनं येताना वढा वलांडून आलीस का? क्यास मोकळं हुतं?" मी हो म्हटलं. "मंग आसरांनी बघितलं तुला," म्हणाल्या आणि माझं अंथरूण पडवीत टाकलं.

तुम्हालाही त्यांनीच नेलं असं सगळं गाव सांगतं. ओढ्याच्या डोहावरच्या साती आसरा, पाण्यातल्या देवता, शेंदूर फासलेल्या. म्हणून विचारते, तुम्ही आहात का? असाल तर पाकिटामागे लिहिलेल्या माझ्या कंपनीच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा. फोन नको. माझा फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. आत्याबाईंना वाचता येत नाही आणि मामंजींना कागदाचा कंटाळा, म्हणून कागदच बरा.

चैताली

परंदवडी
सोमवार, १ डिसेंबर

सविता वन्सं,

आज न्हाऊन घरात आले. रक्त एकदम कमी होतं, पण होतं ना? आत्याबाईंनी बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं, "आता फुडली नाताळात." घराचं कॅलेंडर त्यांच्या बोटांवर चालतं, आणि त्यांनी एकदा मोजलं की संपलं. मला तर हायसंच वाटलं. पाळी आली, सुटले एकदाची.

पण पडवीतून ओढा दिसतो, आणि बसल्या बसल्या मला जे दिसलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं. आत्याबाई रोज दुपारी, मामंजी जेवून लवंडले की, ओढ्यावर जातात. हातात दोन ताटं. एक नैवेद्याचं, समजू शकते. दुसऱ्यात भाकरी, कालवण, कांदा. येताना दोन्ही रिकामी.

आज न्हाल्यावर ओटी भरायला मला घेऊन गेल्या. डोहावर उंबराखाली दगड मांडलेत. मी सात मोजले आणि पुढे अजून एक होता. त्याला शेंदूर नाही. नुसतं कुंकू, आणि कमरेला बांधावी तशी बांधलेली लाल रिबीन, शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तसली.

मी म्हटलं, "आसरा सातच असतात ना?"

"सात त्यांच्या. ही आठवी आपली," म्हणाल्या, आणि पदराने त्या दगडाचं तोंड पुसलं. वन्सं, दगडाला तोंड नसतं हो. पण त्यांनी तोंडच पुसलं. कानामागे पण पुसलं.

मग म्हणाल्या, "सविताचं लगीन न्हवतं झालं. रगात थांबंना. हितं आली आन् गेली. चपला तेवढ्या ऱ्हायल्या." आवाज अगदी सपाट. भाताच्या भावाबद्दल बोलावं तसा. आजूबाजूला भाताची कापणी होऊन गेलेली, चिटपाखरू नाही, आणि डोहात काहीतरी डुबुक् झालं. मी ओटी टाकली आणि ओचा धरून पळत सुटले. मागून आत्याबाई हसल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

अजून एक आठवलं. या पितरपाटात तुमच्या नावाचा घास कौलावर ठेवला होता. दिवस कलेपर्यंत कावळा शिवला नाही. मामंजी चिडले, घरात चुळबूळ सुरू झाली. आत्याबाई मात्र पायरीवर बसून नुसत्या कौलाकडे बघत होत्या, आणि मला तेव्हा वाटलं होतं की बाईला यात आनंद कसला होतोय?

उत्तर द्या. मला भीती वाटते.

चैताली

परंदवडी
शनिवार, १३ डिसेंबर

सविता वन्सं,

उत्तर नाही म्हटल्यावर काल पुन्हा लोणावळ्याला गेले. त्याच मेडिकलमध्ये. काउंटरवर एक टकले गृहस्थ. म्हणाले, "सविता नावाचं इथे कुणी नाही." मी म्हटलं, हनुवटीवर खोक असलेल्या बाई? "नाही हो." मग माझी पत्रं? तर म्हणतात, "पत्रं येतात. इथे खिडकीत ठेवतो. परत बघतो तर नसतात." एवढं बोलून वळून औषधं लावायला लागले.

आता मला सांगा, मी कुणाला लिहितेय?

घरात तर वेगळंच चाललंय. परवा आत्याबाई ओढ्यातून एक दगड घेऊन आल्या. गुळगुळीत, चांगला मांडीएवढा. घासून धुतला आणि उन्हात उंबऱ्याशी ठेवला. मी विचारलं, "कशाला हा?" म्हणाल्या, "आसू दे. लागंल तवा बघू." मी थट्टेत म्हटलं, "माझ्यासाठी की काय?" त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं आणि दगड उन्हात अजून थोडा सरकवला.

आणि कालपासून मला पुन्हा लागतंय. थोडं थोडं, काळपट. मळमळतंय. आत्याबाईंनी पुन्हा पडवी दाखवली. यावेळी मामंजींच्याही लक्षात आलं. ओट्यावर अडकित्ता वाजवत म्हणाले, "म्हयन्यात दोनदा भाईर बसती सून? काय लपिवती का काय ही? आपल्या घरात एकदा तोंड काळं झालंय." त्यांचा आवाज तुम्हाला माहीतच असेल. गोळीचं पाकीट मी कुठे टाकलं तेच आठवेना. पर्समध्ये होतं, आता नाही.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "आसरांचं हाय ते. बाप्यांनी मदी पडू नये."

मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला. आसरांचं नाव काढलं की या घरातले पुरुष गप्प होतात, एवढं मात्र बघून ठेवलंय.

प्रदीपला सांगावं तर तो सेकंड शिफ्टला. म्हणाला, "आई सांगते तसं कर, तिला कळतं त्यातलं." धन्य आहे बाबा.

चैताली

परंदवडी
रविवार, २१ डिसेंबर

वन्सं,

अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या. उजव्या बाजूला खाली सकाळपासून दुखतंय. आधी चिमटा काढल्यासारखं होतं, आता खोकलं तरी कळ येते. गरगरतंय. रक्त थांबत नाही.

उंबऱ्याशी ठेवलेल्या दगडाला आज कुंकू लागलं. मी डोळ्यांनी पाहिलं. आत्याबाईंनी करंड्यातून बोट बुडवलं आणि लावलं. शेजारी हिरव्या बांगड्या, खण, नारळ. मामंजींना सांगत होत्या, "उद्या सकाळी सुनंला वढ्यावर घिऊन जाते. आज रातीत उतार पडला तर पडला. न्हाईतर त्या आयकायच्या न्हाईत आता." मामंजी म्हणाले, "घिऊन जा. जे करायचं ते उरकून टाक."

मी काय शेळी आहे उरकायला? मला ओरडायचं होतं. पण उठले तर डोळ्यांपुढे अंधारी.

तुम्हालाही असंच नेलं का हो? अशीच सकाळ होती का? आठव्या दगडाला आधी कुंकू लागलं की आधी तुम्ही गेलात?

तुम्ही काउंटरवर काय सांगत होतात ते आता तुकड्यातुकड्यांनी आठवतंय. "मधेच रक्त दिसेल," म्हणालात. "ती पाळी समजू नका." आणि पुढे तारखेचं काहीतरी. "तारीख आपली जुनीच धरा," असं होतं का? जुनी धरली तर माझी पाळी येऊनच गेलेली नाही वन्सं. मग पडवीत बसले ते काय होतं? आणि हे काय आहे?

मी मेले तर माझ्या दगडाला रिबीन बांधू देऊ नका. मला लहानपणापासून आवडत नाही. मला जगायचंय हो. पर्मनंट व्हायचंय. शेजारच्या पिंकीच्या हाती हे पत्र टाकायला देते.

चैताली

तळेगाव, हॉस्पिटलमधून
गुरुवार, २५ डिसेंबर

सविता वन्सं,

आहे मी. पोटाला टाके आहेत, हसले की दुखतं, म्हणून रडतेय तेवढीच.

सोमवारची सकाळ सांगते. आत्याबाईंनी माझी ओटी भरली, केस मोकळे सोडले, कपाळाला मळवट. दगड स्वतःच्या ओच्यात घेतला. मामंजी ओट्यावरून बघत होते. आम्ही निघालो. मला चालवत नव्हतं, तर त्यांनी अक्षरशः फरफटत नेलं. म्हातारीच्या अंगात एवढी ताकद! धुक्यात उंबर दिसला, दगड दिसले. मी पाय रोवले आणि म्हटलं, "आत्याबाई, पाया पडते, मला डोहात नका घालू."

त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "डोहात? आगं माजे बाय," म्हणाल्या, "चल बिगीबिगी. रिक्षा हुबी हाय पलीकडं."

ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला खरंच रिक्षा होती. रिक्षावाल्या गेणूची. आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझं डोकं खांद्यावर घेतलं. दगड मांडीवर तसाच.

"कंचं दुकतंय? खांदा बी दुकतोय का? सविताचा न्हवता दुकत," म्हणाल्या. आणि मग, "गोळी खाल्लीस ती कवा?"

मी त्यांच्या खांद्यावरून डोकं उचललं.

"तुज्या पाकिटाचा कागद मीच चुलीत घातला. मला वाचाय येत न्हाई, पर चित्र कळतं. टीव्हीवर दावत्यात."

"मग मला विचारलं का नाही?"

"इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तंस? आन् तू सांगितलं आस्तंस तर मला तुज्या मामंजीपशी खोटं बोलावं लागलं आस्तं. न सांगता बोललं म्हंजी ते आसरांचं हुतं."

डॉक्टरीण बाईंनी सोनोग्राफी केली आणि मला तसंच ऑपरेशनला आत घेतलं. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली होती, पोटात रक्त साचलेलं; खांदा त्यानेच दुखतो म्हणे. नंतर मला नीट समजावलं. गोळीमुळे हे झालेलं नाही म्हणाल्या. गोळी कधी कधी फसते, आणि उशीर केला की जास्त फसते. पहिलं रक्त गोळीचं होतं. ते काही वाईट नसतं, बऱ्याच जणींना दिसतं. "पण तुम्ही ती पाळी धरून बाहेर बसलात, न्हालात, आणि तिथून पुढची तारीख मोजलीत. त्यामुळे खरी पाळी चुकली ते कुणाला कळलंच नाही. साधी टेस्ट केली असती तरी कळलं असतं." आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. मग ती मूठ पदराखाली घेतली.

वन्सं, आता तुमचं. मला वाटतं हे तुम्हाला अर्धंच माहीत असावं.

तुम्हाला पहाटेच्या भाजीच्या टेम्पोत बसवून त्या घरी आल्या, तेव्हा मामंजी ओसरीवर कोयता घासत बसले होते. तुम्हाला कॉलेजात असतानाच दिवस गेले होते ते त्यांच्या कानावर आलं होतं. आत्याबाईंनी तुमच्या चपला ओढ्यावर नेऊन ठेवल्या, एक दगड मांडला, आणि डोहापाशी ऊर बडवून अख्खं गाव गोळा केलं. "दगडाला कोन कोयता मारतंय?" मला म्हणाल्या. "आसरांच्या हातातली पोर परत मागायची छाती हाय का कुना बाप्याची?" माझा दगडही त्याचसाठी होता. मामंजींचं डोकं फिरलंच असतं, तर मी नववी झाले असते आणि सरळ माझ्या माहेरी वडगावला निघून गेले असते.

मी म्हटलं, "मग बारा वर्षांत एकदाही शोध का नाही घेतला?"

"कुनाला इचारणार? इचारलं की सांगनारा ऱ्हातो, आन् सांगनाऱ्याला तोंड आस्तं." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रगात लय जात हुतं गं तिचं. टेम्पोत फडकी दिल्ती चार. जगली का वाटंतच गेली, मला काय ठावं? पर दर सालाला घास ठिवते, आन् कावळा शिवत न्हाई. शिवत न्हाई म्हून मी जेवते."

तेव्हा मी सांगून टाकलं. वन्सं, रागवा हवं तर. सांगितलं की मी तुम्हाला पाहिलंय, भुशीच्या रस्त्याला, पांढरा कोट घातलेला. मला वाटलं त्या रडतील, कोसळतील. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग विचारलं, "जाड झालीया का?"

मी म्हटलं, हो, थोड्या.

"बरं झालं," म्हणाल्या. "बरं झालं. लय काटकुळी हुती."

प्रदीप खाली बाकड्यावर बसून असतो. आल्यापासून माझ्या नजरेला नजर देत नाही. देऊ नकोस म्हणावं.

चैताली

परंदवडी
बुधवार, १४ जानेवारी

सविता वन्सं,

संक्रांत. तुमच्या आई आणि मी आज सुगडं घेऊन निघालो ते आधी ओढ्यावर गेलो. तो नववा दगड डोहात सोडायचा होता. आत्याबाई म्हणाल्या, "आता हिचं काम न्हाई." मला जड उचलायला बंदी, त्यांनीच सोडला. डुबुक् झालं, पण यावेळी मी पळाले नाही. पर्मनंटचं मार्चवर गेलंय, ते असो.

मग आम्ही उंबराखाली वळलो. आत्याबाईंच्या हातात तीळ लावलेली भाकरी होती, तुमच्यासाठी. मी सवयीने मोजले. पुन्हा मोजले.

सातच होते.

आठव्याच्या जागी मातीत खळगा होता, आणि त्यात ओल होती. बाकी सगळा ओढाकाठ कोरडा ठणठणीत. जवळपास पावलं म्हणावीत तर नव्हती, नाहीत म्हणावीत तर गवत दबलेलं होतं. रिबीन घडी करून, वर खडा ठेवून, नीट ठेवलेली होती. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी काही केलं नव्हतं, त्यांचा चेहराच सांगत होता. गावातला कुणी त्या दगडाला हात लावायला धजत नाही. माझ्या अंगावर पुन्हा तसाच काटा आला, वन्सं. भर सकाळी, ऊन पडलेलं असताना.

आत्याबाई खाली बसल्या. त्या ओल्या खळग्यावर हात ठेवला, अंथरूण गरम आहे का ते बघावं तसा. आणि मग बारा वर्षांचं रडू बाहेर पडलं. छाती पिटून, मोठ्यांदा. गावाला वाटलं असेल पुन्हा कुणाला तरी नेलं. पण त्या म्हणत होत्या, "उटून गेली गं माजी पोर. आपल्या पायानं उटून गेली."

तुम्हीच आला होतात ना? मी विचारणार नव्हते. आत्याबाई विचारू नको म्हणतात. म्हणतात, इचारलं की सांगनारा ऱ्हातो. पण मी वडगावची आहे, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. येताना ओढ्यावरून आलात, कुणी बघितलं नाही ना?

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवर हात घातला आणि फोटोचा हार काढून चुलीत टाकला. मामंजींनी विचारलं, "कसला वास येतुया?" आत्याबाईंनी चूल फुंकली. फोटो तसाच आहे, उघडा. मामंजी त्याच्याकडे बघायचं टाळतात.

रिबीन आत्याबाईंनी स्वतःच्या कनवटीला बांधलीय. आणि येत्या पितरपाटात तुमच्या नावाचा घास कौलावर ठेवायचा नाही असं त्यांनी आताच सांगून टाकलं. मी विचारलं, मग काय करायचं? तर माझ्यावरच खेकसल्या, "काय करायचं म्हंजी? जित्या मानसाला ताटात वाढत्यात. ती येईल तवा वाढीन."

चैताली